समाजशास्त्र : वरच्या वर्गांतील विषयांची निवड

शालांत परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कला, वाणिज्य कीं विज्ञान, या एका प्रश्नाचा घरोघरीं पुष्कळ ऊहापोह होतो. वडील माणसें विचार करतात, आप्तेष्ट सल्ला देतात, आणि एकदां महाविद्यालयांत प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असें मानून सर्वजण निश्चिंत होतात. वस्तुतः कलाशाखेच्या विद्यार्थ्यास याहूनहि अवघड निवड पुढें चार वर्षांनीं, पदवीच्या वरच्या वर्गांत पाऊल टाकतांना करावी लागते. एका विषयाच्या अनेक शाखांपैकीं कोणत्या शाखांचा खोल अभ्यास करावयाचा, हें त्या वेळीं ठरतें. आणि नेमक्या त्याच वेळीं सल्ला देणारें घरांत बहुधा कोणी नसतें. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढत असते, तेथें तर अर्ज भरतांना जो मित्र शेजारीं असेल तोच गुरु होऊन बसतो. आमच्या शाळेंतून गेलेलीं कांहीं मुलें पुढें समाजशास्त्र हा विषय घेतात. त्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडावें, म्हणून या निवडीसंबंधीं चार गोष्टी येथें क्रमवार सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम समाजशास्त्र म्हणजे काय, तें पाहूं. समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा नव्हे, आणि समाजसुधारणाहि नव्हे. जरी या दोहोंस त्याचा मोठा आधार होतो. माणसें एकत्र राहूं लागलीं म्हणजे त्यांच्यामध्यें जे संबंध, ज्या रूढि, ज्या संस्था आणि ज्या विषमता निर्माण होतात, त्यांचा पद्धतशीर शोध घेणारें तें शास्त्र होय. एका घरांतील मुलानें शाळा सोडली तर आपण त्या मुलाचा आळस पाहतों, किंवा त्याच्या आईबापांस दोष देतों. परंतु एकाच वस्तींतील अनेक मुलें एकाच इयत्तेंत शाळा सोडूं लागलीं, तर तेवढीं सगळीं मुलें एकदम आळशी झालीं असें म्हणतां येत नाहीं. मग शाळा किती दूर आहे, घरीं कामास हात किती लागतात, मुलींना एकट्या पाठवण्यास कोणती अडचण आहे, शिकून नोकरी लागते असा विश्वास त्या वस्तींत उरला आहे काय, हे प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न नीट विचारणें व त्यांचीं उत्तरें पुराव्यानें देणें, हेंच समाजशास्त्राचें काम.

हा विषय आपल्या प्रांतास परका नाहीं. भारतांतील पहिला समाजशास्त्र विभाग मुंबई विद्यापीठांतच १९१९ सालीं निघाला. नगररचनेचे स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांनीं निवडलेला एक तरुण, १८९३ सालीं मालवणांत जन्मलेला व संस्कृत घेऊन एम्. ए. झालेला, इंग्लंडास गेला, केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून परतला, आणि १९२४ पासून १९५९ पर्यंत या विभागाची धुरा त्यानें वाहिली. तेच डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. त्यांच्या हाताखालीं इरावती कर्वे, एम्. एन्. श्रीनिवास, अ. र. देसाई यांसारखे अभ्यासक तयार झाले. या मंडळींकडे पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. घुर्ये संस्कृतांतून आले, इरावतीबाई तत्त्वज्ञानांतून आल्या. परंतु प्रत्येकाच्या मनांत स्वतःचा असा एक प्रश्न होता. घुर्ये यांनीं जातिसंस्थेचा प्रश्न घेतला व १९३२ सालीं त्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. इरावतीबाईंनीं भारतांतील नातेसंबंधांची रचना शोधिली व तिच्यावरील ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला. देसायांनीं भारतीय राष्ट्रवाद कोणत्या सामाजिक परिस्थितींतून उगवला हें १९४८ सालीं मांडलें. श्रीनिवासांनीं म्हैसूरकडील एका खेड्यांत राहून गांव म्हणजे काय तें पाहिलें. विषय एकच, पण वाटा निरनिराळ्या. आणि प्रत्येकाची वाट त्याच्या प्रश्नानें ठरविली. आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचा सारांश एवढाच : प्रश्न आधीं ठरवावा, विषय त्याच्या मागून निवडावे.

आतां वरच्या वर्गांतील रचना पाहूं. पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यास समाज, संस्कृति, कुटुंब, जाति, वर्ग इत्यादि मूळ कल्पनांची ओळख होते. दुसऱ्या वर्षीं ती ओळख वाढते. तिसऱ्या वर्षीं मात्र विषयाच्या शाखा फुटतात. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पद्धतींत तिसऱ्या वर्षीं एकाच विषयाचे सहा पेपर घ्यावयाचे, किंवा दोन विषयांचे तीन-तीन घ्यावयाचे, अशी सोय होती. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें मुख्य विषयास मेजर व जोड विषयास मायनर म्हणतात. सेमिस्टरागणिक क्रेडिट मोजले जातात. तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें, अथवा चौथें वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवितां येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें, पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के अथवा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षीं संशोधनाचा मार्गहि खुला आहे. पद्धति बदलली, नांवें बदललीं. परंतु कांहीं पेपर सर्वांस आवश्यक व कांहीं निवडीचे, ही मूळ मांडणी कायम आहे, आणि म्हणून निवडीचा प्रश्नहि कायम आहे.

ही निवड सामान्यतः कशी होते? कोणी मित्र घेतो म्हणून घेतो. कोणी ज्या पेपरास तयार टिपणें मिळतात तो घेतो. कोणी गुण सढळ हातानें मिळतात अशी ख्याति ऐकून घेतो. कोणी तर दुपारचे तास नकोत एवढ्याच कारणानें एखादा चांगला पेपर सोडून देतो. यांतील एकेक कारण अगदींच टाकाऊ नाहीं. गुणांची गरज कोणास नाहीं? परंतु या सर्व कारणांत एक समान दोष आहे. तीं सर्व परीक्षेपुरतीं आहेत. परीक्षा आटोपल्यावर त्या सहा पेपरांनीं विद्यार्थ्याच्या हातीं काय ठेविलें, असा प्रश्न केला तर उत्तर मिळत नाहीं. सहा निरनिराळ्या वस्त्रांचे सहा तुकडे जवळ असतात, पण त्यांचा सदरा शिवला जात नाहीं.

म्हणून प्रश्न आधीं. आणि प्रश्नासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आमची खारी पाहा. नांव उच्चारतांच खाऱ्या भूमीचें स्मरण होतें. भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावयाचें, तें उन्हावर आटवावयाचें आणि पावसापूर्वीं मीठ राशीस लावावयाचें, हा व्यवसाय भाईंदरच्या परिसरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. आगरी, कोळी, ख्रिस्ती अशा जुन्या वस्त्या येथें नांदत होत्या. मग नगर वाढलें. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालीं झाली व महानगरपालिका २००२ सालीं. १९९१ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या सुमारें १ लक्ष ७५ हजार होती. २००१ सालीं ती ५ लक्ष २० हजारांवर गेली आणि २०११ सालीं ८ लक्षांच्या पुढें. म्हणजे वीस वर्षांत चौपटीहून अधिक. एवढा बदल डोळ्यांदेखत घडला असतां, त्याविषयीं मनांत एकहि प्रश्न उठूं नये, असा विद्यार्थी विरळा.

ज्याच्या मनांत असा प्रश्न येईल कीं जुनें गांवठाण आणि नव्या इमारती एकमेकांशेजारीं असूनहि दोहोंतील माणसें एकमेकांस ओळखतात काय, त्यानें नागर समाजशास्त्र घ्यावें. नगरें कशीं वाढतात, जमिनीचा भाव माणसांस कोठून कोठें हलवितो, शेजार म्हणजे काय, याचा विचार तेथें होतो. मिठागरांत राबणारा मजूर आणि भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत राबणारा मजूर यांच्या श्रमांत काय फरक आहे, कंत्राटी कामगाराचें ओझें कोणावर पडतें, असें ज्यास वाटतें त्यानें श्रम व उद्योग यांचें समाजशास्त्र घ्यावें. घरांतील बाई पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, लोकलनें कामावर जाते आणि परत येऊन पुन्हा चुलीपाशीं उभी राहते. तिच्या कोणत्या कामास काम म्हणतात व कोणत्यास म्हणत नाहींत, हा प्रश्न ज्या विद्यार्थिनीस किंवा विद्यार्थ्यास टोंचतो, त्याच्यासाठीं स्त्री-पुरुषभाव आणि समाज हा पेपर आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण पाणी सर्वांच्या घरांत सारखेंच शिरत नाहीं. असें कां, हें पर्यावरणाचें समाजशास्त्र विचारतें. यांशिवाय ग्रामीण समाज, आदिवासी समाज, धर्म, शिक्षण, आरोग्य, लोकसंख्या अशा अनेक शाखा आहेत. मात्र प्रत्येक महाविद्यालयांत सर्व शाखा शिकविल्या जात नाहींत, हें विसरूं नये.

निवडीचें स्वातंत्र्य असें असलें तरी दोन पेपर असे आहेत कीं ज्यांच्याविषयीं विद्यार्थ्यांत नाराजी फार, आणि ज्यांवांचून बाकीचे सर्व पोकळ. एक सिद्धांताचा व दुसरा संशोधनपद्धतीचा. कोठें ते आवश्यक असतात. जेथें निवडीचे असतील तेथें ते टाळूं नयेत, आणि जेथें आवश्यक असतील तेथें केवळ उत्तीर्ण होण्यापुरते वाचूं नयेत.

सिद्धांत म्हणजे कठीण नांवांची यादी नव्हे. ती पाहण्याची रीत आहे. एकच मिठागर घ्या. कार्ल मार्क्सच्या वाटेनें जाणारा प्रथम विचारील कीं आगर कोणाच्या मालकीचें, मीठ कोण पिकवितो आणि नफा कोण घेतो. एमिल दुरखेमनें १८९३ सालीं श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. त्याचा वाचक विचारील कीं सर्व गांव एकाच धंद्यांत होता तेव्हां त्याला बांधून ठेवणारें जें सूत्र होतें, तें प्रत्येकाचा धंदा वेगळा झाल्यावर तुटलें, कीं त्याच्या जागीं दुसरें आलें. मॅक्स वेबरचा अभ्यासक विचारील कीं पूर्वीं गांवांतील वडिलांचा शब्द प्रमाण होता, आतां महानगरपालिकेच्या कचेरींतील कागद प्रमाण झाला. ही सत्ता लोकांनीं मान्य कां केली? आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्यांत जातीच्या बाहेर विवाह न करणें हेंच जातीचें मर्म होय असें दाखविलें. तो निबंध वाचलेला विद्यार्थी एका इमारतींत राहणाऱ्या, एकाच लिफ्टनें जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका पाहील आणि विचारील कीं घरें जवळ आलीं, पण सोयरीक जवळ आली काय? मिठागर तेंच, इमारत तीच. परंतु ज्याच्याजवळ सिद्धांत नाहीं त्यास ती नुसती दिसते, आणि ज्याच्याजवळ आहे त्यास ती समजूं लागते.

संशोधनपद्धतीचें महत्त्व याहूनहि अधिक आहे असें आम्ही समजतों. समजा, खारींतील लोक पोटासाठीं काय करतात हें जाणण्याकरितां कोणी सकाळीं आठ वाजतां भाईंदर स्थानकावर उभें राहून दोनशें जणांस प्रश्न केला. आलेलें उत्तर आंकड्यांत मोठें व्यवस्थित दिसेल. परंतु त्यांत घरीं शिवणकाम करणारी बाई नसेल, रात्रपाळी करून झोंपलेला कामगार नसेल, शेजारच्या कारखान्यांत पायीं जाणारा नसेल, आणि काम नाहीं म्हणून घरीं बसलेला तर मुळींच नसेल. दोनशेंच्या ऐवजीं दोन हजार माणसांस विचारलें तरी हा दोष जात नाहीं. कारण दोष संख्येंत नाहीं, निवडीच्या जागेंत आहे. नमुना कसा घ्यावा, प्रश्न कसा विचारावा म्हणजे उत्तर आपल्या प्रश्नांतूनच डोकावूं नये, माहिती देणाऱ्याची संमति कशी घ्यावी व त्याचें नांव गुप्त कसें ठेवावें, आंकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें सर्व या पेपरांत शिकवितात. संख्याशास्त्राच्या भीतीनें पुष्कळ मुलें यापासून पळतात. त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं दहावीपर्यंतचें गणित नीट आलें असेल त्यास येथें आरंभीं भिण्याचें कारण नाहीं.

या शिस्तीचें एक थोर उदाहरण आपल्याच घरचें आहे. इरावती कर्वे बर्लिन येथें डॉक्टरेटसाठीं मानवी कवट्यांचें मोजमाप करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशीं असावा, अशी त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मोजमाप मात्र तसें सांगत नव्हतें. परक्या देशांतील त्या विद्यार्थिनीनें मार्गदर्शकाच्या अपेक्षेपेक्षां आपल्या मापनावर विश्वास ठेविला, वंशाचा तसा संबंध दिसत नाहीं असें लिहिलें, आणि १९३० सालीं पदवी मिळविली. जर्मनींत पुढें थोड्याच वर्षांत वंशश्रेष्ठत्वाच्या नांवाखालीं काय घडलें, हें जगास माहीत आहे. पद्धति ही केवळ परीक्षेची बाब नाहीं. ती सत्याशीं बांधिलकी आहे.

चौथ्या वर्षाच्या संशोधनाचा उल्लेख वर आला आहे. त्यासंबंधीं एक गोष्ट सांगतों. पुण्याजवळच्या लोणीकंद गांवाचें वर्णन थॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, पेशवाई नुकतीच बुडाली असतांना लिहून ठेविलें. घरें किती, शेतें कशीं, लोक काय खातात, काय नेसतात, हें त्यानें नोंदलें. पुढें घुर्ये यांनीं त्याच गांवाचा पुन्हा अभ्यास करून १९६० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिली नोंद होती, म्हणून काय बदललें व काय टिकलें हें दुसऱ्यास निश्चितपणें सांगतां आलें. आतां आपल्याकडे पाहा. मिठागरांत स्वतः राबलेलीं, भरतीओहोटीवरून कामाचा दिवस मोजणारीं माणसें वृद्ध होत चाललीं आहेत. त्यांची भाषा, त्यांच्या हत्यारांचीं नांवें, मजुरीचा हिशेब, सणवार, आजारपणें, हें सर्व त्यांच्या मुखीं आहे, कागदावर फारसें नाहीं. तें विचारून लिहून ठेवण्यास बाहेरचा पंडित येईल तेव्हां येईल. परंतु ज्या मुलास आजोबा घरांत बसवून घेतील, ज्या मुलीस आजी चुलीपाशीं बसवून सांगेल, तीं मुलें याच शाळेंत शिकत आहेत. योग्य पेपर घेऊन तीं तयार झालीं तर खारीचें लोणीकंद होण्यास अडचण काय? आणि उशीर झाला तर मग प्रश्न असेल, पण उत्तर देणारें माणूस नसेल.

आतां पालकांच्या मनांतील शंका. या विषयानें पोट भरतें काय? आम्ही स्पष्ट सांगतों : केवळ समाजशास्त्राची पदवी हातांत घेऊन चांगली नोकरी आपोआप चालत येत नाहीं. परंतु ही पदवी अनेक वाटांचें दार आहे. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतां येतो. त्याच्या दोन पत्रिका, एकूण ५०० गुण. त्यासाठीं सिद्धांताचा पेपर पक्का हवा. समाजकार्याचें पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्णालयें, बालसंस्था, कामगारकल्याण येथें काम करतां येतें. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालीं याच हेतूनें निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी असून त्यांनीं १९२६ मध्यें नागपाड्यांत वस्तीसेवेचें केंद्र सुरू केलें होतें. अध्यापन, पत्रव्यवसाय, सर्वेक्षणसंस्था, बाजारसंशोधन, कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग याहि वाटा आहेत. आणि सर्वेक्षणाच्या कामांत संशोधनपद्धति व संख्याशास्त्र जाणणाऱ्यासच मागणी असते. म्हणजे ज्या पेपरास मुलें भितात, तोच पुढें भाकरीस उपयोगी पडतो.

शेवटीं, अर्ज भरण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें पांच गोष्टी कराव्या. पहिली, विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम मिळवून प्रत्येक पेपराचे घटक स्वतः वाचावे. नांवावरून तर्क करूं नये. दुसरी, त्या पेपराच्या मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहाव्या. तिसरी, तो पेपर शिकविणाऱ्या प्राध्यापकांस भेटून, त्यांत केवळ पाठांतर आहे कीं कांहीं प्रत्यक्ष पाहणीहि आहे, असें नम्रपणें विचारावें. चौथी, जोड विषय मुख्य प्रश्नास पूरक घ्यावा : श्रमाचा प्रश्न असेल तर अर्थशास्त्र, कुटुंबाचा असेल तर मानसशास्त्र, जुन्या वस्तीचा असेल तर इतिहास. पांचवी गोष्ट मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांसाठीं. मराठींत उत्तरें लिहिण्याची मुभा कोठें कोठें असते, आणि तिचा लाभ घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु या शास्त्राचे मुख्य ग्रंथ बहुतांशीं इंग्रजींत आहेत. म्हणून मराठींत विचार करावा, आणि इंग्रजींत रोज पांच पानें तरी कोश जवळ घेऊन वाचावीं. वर्षभरांत ही अडचण बरीच सरते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं या पांच गोष्टी मुलानें केल्या आहेत काय, तें विचारावें. सिद्धांत तुम्हांस ठाऊक नसेल. त्याची गरज नाहीं. "बाळ, तुला कोणत्या प्रश्नाचें उत्तर हवें आहे?" एवढा एक प्रश्न जरी तुम्हीं जेवतांना शांतपणें विचारला, आणि उत्तर येईपर्यंत थांबलां, तरी तुमच्या मुलाच्या निवडीस जो पाया मिळेल तो दुसऱ्या कोणत्याहि सल्ल्यानें मिळणार नाहीं. आणि तें उत्तर आपल्या गल्लीचें, आपल्या मिठागराचें, आपल्या माणसांचें असेल, तर त्यास लहान समजूं नये. मोठमोठ्या ग्रंथांचा आरंभ अशाच प्रश्नांतून झालेला आहे.